पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं

जून लागला की मेसेज चालू होतात, दादा जुलैत पावनखिंड करायचीय, बूट कुठले घेऊ, रेनकोट कुठला घेऊ. वाट कशी ओळखायची हे मात्र शंभरातला एखादाच विचारतो आणि खरं घोडं तिथंच अडतं. म्हणून इथं वाटेबद्दल जास्त लिहिलंय आणि खरेदीबद्दल कमी.

एकूण किती किलोमीटर हाय हो?

पन्हाळ्यापासनं पावनखिंडीपर्यंत पायवाटेनं साधारण ४५ ते ५० किलोमीटर धरा. कुणी ५२ सांगतं कुणी ६०, कारण कोण कुठनं सुरुवात करतंय, कुठं शॉर्टकट मारतंय आणि कुठं चुकून परत फिरतंय यावर आकडा बदलतो. पन्हाळा ते विशाळगड हवाई अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपासच आहे पण आपल्याला काय पंख नाहीत, दऱ्या वळसा घालून जायला लागतात. मुद्दा असा की किलोमीटरवर प्लॅन करू नका, तासांवर करा. चिखलात आणि पावसात ताशी अडीच किलोमीटर पडले तरी लई झालं.

महाराज गेले तीच ही वाट आहे का?

दिशा तीच, डोंगराची रांग तीच. १६६० च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, चारेक महिने वेढा चालला, आणि १२ जुलैच्या रात्री महाराज सहाशेच्या आसपास मावळे घेऊन गडाच्या राजदिंडी दरवाजाच्या बाजूनं उतरले. शिवा काशीद दुसऱ्या पालखीतनं महाराजांच्या वेशात गेले आणि त्यांनी जीव दिला, पुढं १३ ला घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मंडळींनी सिद्दी मसूदची फौज अडवून धरली, म्हणून ती पावनखिंड. एवढं सगळ्यांना माहीत असतंच. आता साडेतीनशे वर्षांत शेतं पडली, रस्ते झाले, वाड्या हलल्या, त्यामुळं पावलाला पाऊल तीच वाट असं कुणी छातीठोक सांगायला लागलं तर हसून पुढं चला. एक मात्र आहे, ते लोक हे सगळं एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसाच्या उजेडात चालले, पावसात, मागं शत्रू. आपल्या हातात पॉवरबँक असते तरी आपण निम्म्या वाटेतल्या करपेवाडीत कण्हत बसतो.

एका दिवसात होतं का?

होतं, करणारे आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्यानं करू नये. जुलैत उजेड सहाला होतो आणि सातच्या पुढं अंधार पडतो, धुकं असलं तर साडेसहालाच काही दिसत नाही, म्हणजे तुमच्याकडं बारा-साडेबारा तास आणि त्यात पन्नास किलोमीटर चिखल. शेवटचा जंगलाचा टप्पा अंधारात येतो आणि नेमका तोच वाट चुकायचा टप्पा. दोन दिवस घ्या. पहिल्या दिवशी करपेवाडी-आंबेवाडीच्या आसपास मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पांढरेपाणी आणि मग खिंड.

कधी जावं? जुलैतच का?

जुलैत जातात ते भावनेपोटी, आणि ते बरोबरच आहे. पण १२-१३ जुलैला एक गर्दी आणि आषाढ पौर्णिमेच्या तिथीला दुसरी गर्दी, हे लक्षात घ्या. पाचशे लोक एका पायवाटेवरनं गेले की मागच्याला वाट उरत नाही, नुसता राडा उरतो. शांत चालायचं असेल तर मधला आठवडा धरा, सोमवार ते शुक्रवार. पावसाळ्यातली पौर्णिमा बघून चांदण्यात चालायचं स्वप्न बघणाऱ्यांनी आभाळाकडं एकदा बघावं.

ज्यांना वाट शिकायचीय त्यांनी मात्र नोव्हेंबर ते जानेवारीत एकदा करावी. सगळं लांबपर्यंत दिसतं, कुठली रांग कुठं जाते ते डोक्यात बसतं, मग पुढच्या जुलैत धुक्यातही अंदाज येतो. सप्टेंबरच्या शेवटी मसाई पठारावर फुलं असतात, ते वेगळंच प्रकरण. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो आणि पठारावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, तेव्हा पठार सकाळीच ओलांडा.

वाट चुकते का? बोर्ड आहेत ना?

काही ठिकाणी बोर्ड आहेत, काही ठिकाणी दगडावर रंगानं बाण काढलेत. पण बोर्ड पडतो, फिरतो, शेवाळानं झाकतो, आणि बाण नेमके जिथं गरज नाही तिथं जास्त असतात. मोसमात झाडाला रिबनी बांधलेल्या दिसतात, त्यांच्यावर तर अजिबात विसंबू नका, ती कुठल्या ग्रुपनं कुठल्या मुक्कामाला जायला बांधलीय ते तुम्हाला माहीत नसतं.

त्यापेक्षा वाड्यांची नावं पाठ करा, खरंच पाठ करा, शाळेतल्या कवितेसारखी. पन्हाळ्यावरनं उतरून म्हाळुंगे, मग मसाई पठार, पुढं कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, सुकामाचा धनगरवाडा, पांढरेपाणी, पावनखिंड. काही ग्रुप एखादी वाडी वगळून वरनं जातात, चालतं. एका कागदावर पेननं लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवा. मोबाईल बंद पडला, चार्ज गेला, पाण्यात पडला तरी तो कागद तुम्हाला पावनखिंडीला नेतो. ही वाट अशी वाडीवाडीनं जोडलेली आहे, म्हणून एका वेळी फक्त पुढची वाडी गाठायची, पावनखिंडीचा विचारच करायचा नाही.

दुसरं म्हणजे मोठं चित्र डोक्यात ठेवा. पन्हाळ्याकडनं विशाळगड वायव्येला, पण पश्चिमेकडं जास्त झुकलेला. सकाळी ऊन पडलंच तर पाठीवर पाहिजे. ही सगळी रांग दोन खोऱ्यांच्या मध्ये आहे, उजव्या हाताला म्हणजे उत्तरेला कडवी-वारणेचं खोरं आणि रत्नागिरी रोड, डाव्या हाताला दक्षिणेला कासारीचं खोरं आणि बाजारभोगाव. पार हरवलात आणि संध्याकाळ झाली तर कुठल्याही बाजूला मळलेल्या वाटेनं उतरलात तरी वस्ती आणि रस्ता लागतो. फक्त ओढ्याच्या पात्रातनं खाली उतरू नका, पुढं कडा निघाला तर ना वर जाता येतं ना खाली.

लोकांना वाट विचारायची त्यात काय एवढं?

यातच सगळं आहे भावांनो. "मामा, पावनखिंडीला हिकडनंच ना?" असं विचारलं की मामा "व्हय व्हय" म्हणणार. ते खोटं बोलत नाहीत, तुम्ही हिकडनं म्हणालात तर हिकडनंपण जाता येत असंल असा त्यांचा सरळ हिशोब. त्यामुळं उत्तर तोंडात घालून विचारू नका. "मामा, पुढची वाडी कंची? वाट कुठनं जाते?" असं विचारा आणि मग गप्प राहा, ते हात करून दाखवतात तो हात नीट बघा. मग परत विचारा, मध्ये फाटा फुटतो का, फुटला तर कुठल्या अंगाला जायचं, ओढा लागतो का, आणि आज ओढ्याला पाणी किती आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तो कुठल्याच ॲपला विचारता येत नाही.

"किती लांब आहे" याचं उत्तर "हे काय, हितंच हाय" असं येणार. "तुमाला चालत किती वेळ लागतो" असं विचारा आणि जे सांगतील त्याच्या दुप्पट धरा. आणि रोपलावणीचे दिवस असतात, बायामाणसं कंबरेत वाकून चिखलात काम करत असतात, बांधावरनं ओरडून विचारू नका, जवळ जाऊन मावशी-आज्जी म्हणून विचारा, दोन शब्द बोला. तरवा म्हणजे भाताची रोपं तुडवत शेतातनं सरळ जाणारे शहाणे दरवर्षी दिसतात, बांधावरनं चाला, बांध पण फोडू नका.

मोबाईलवर मॅप डाऊनलोड केला की झालं ना?

करा, जरूर करा, ऑफलाइन मॅप आणि कुणीतरी आधी चाललेला ट्रॅक दोन्ही घ्या. रेंज मध्येमध्ये जाते, जंगलाच्या टप्प्यात तर भरवसाच नाही. जीपीएसला मोबाईलच्या रेंजची गरज नसते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, फोन फ्लाइट मोडवर टाकला तरी ठिकाण दाखवतो आणि बॅटरी जास्त टिकते. अडचण वेगळीच होते, ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही. झिपवाली पिशवी, आतमध्ये एक कोरडा रुमाल, आणि ट्रॅक ग्रुपमधल्या निदान दोघांच्या फोनवर. डाऊनलोड केलेला ट्रॅक कुणी कुठल्या ऋतूत चाललंय ते पण बघा, डिसेंबरचा ट्रॅक बिनधास्त ओढ्यातनं जातो.

कागदी नकाशाची आवड असणाऱ्यांसाठी, सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटमध्ये पन्हाळा-मसाईचा भाग ४७ एल/१ मध्ये येतो आणि पुढचा बराचसा भाग ४७ एच/१३ मध्ये. दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. जोडीला साधं होकायंत्र घ्या.

मसाई पठारावर धुक्यात काय करायचं?

मसाई म्हणजे जांभ्याचा सडा, उघडा कातळ, सपाट, लांबच लांब, वर झाड नाही. उघडं असलं की काय देखणं दिसतं, आणि धुकं आलं की दहा पावलांवरचा माणूस गायब. सपाट जागेवर वाट उमटत नाही, कातळावर पाऊल कुठं दिसणार, आणि गुरांच्या वाटा सगळीकडं. माणूस सरळ चालतोय असं वाटतं आणि हळूहळू कडेला सरकतो. पठाराच्या कडा सरळ तुटलेल्या आहेत.

म्हणून पठारावर चढल्या चढल्या थांबा, होकायंत्रावर पश्चिम धरा, मसाई देवीच्या देवळापर्यंतचा टप्पा आधी गाठा, तिथं दम खा, आणि मग पुढच्या उताराची वाट शोधा. चालताना ग्रुप ताणू नका, मागचा दिसला पाहिजे. सगळ्यात पुढं एक जाणता आणि सगळ्यात मागं एक जाणता, मधल्यांनी मागच्याच्या मागं राहायचं नाही. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात, ओरडून आवाज वाऱ्यात विरतो. दहा मिनिटं झाली आणि खात्री नाही तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत या. आणि वारा इतका असतो की भिजलेला माणूस जुलैतही थंडीनं काकडतो, बोलणं अडखळायला लागलं, हात थरथरायला लागले तर गंमत समजू नका, आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडं घाला, गोड गरम काहीतरी द्या.

तयारी किती आधी सुरू करू?

दीड-दोन महिने. कोल्हापुरातल्या रंकाळा तळ्याला रोज एक चक्कर मारून मी तयार आहे म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण रंकाळा सपाट आहे आणि शेवटी भेळ आहे. आठवड्यातनं तीन-चार दिवस तासभर झपाझप चाला, आणि रविवारी लांबचं. कोल्हापुरातनं जोतिबा चालत करा, पुढच्या वेळी सॅकमध्ये पाच-सहा किलो घालून करा. सगळ्यात महत्त्वाची चाचणी म्हणजे सलग दोन दिवस चालणं, शनिवारी वीस आणि रविवारी दुखऱ्या पायानं परत पंधरा. दम पहिल्याच दिवशी कमी पडतो आणि भरतोही, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे आणि मांड्या बोलतात. उतरायची सवय करा, चढून दम लागतो पण पाय उतारावर जातात. आणि निदान एकदा मुद्दाम पावसात चाला, सगळं ओलं असताना काय काय घासतं ते घराजवळ कळलेलं बरं.

बूट कुठले?

चिखलात पकडणारे खोल नक्षीचे, हलके, पाणी लगेच निघून जाणारे. वॉटरप्रूफ महागडे बूट इथं उपयोगाचे नाहीत, ओढ्यात पाणी वरनं आत शिरतं आणि मग बाहेर निघत नाही. नवे बूट घालून येऊ नका, कितीही भारी असले तरी.

पायांकडं मात्र लक्ष द्या. दोन दिवस पाय ओले राहतात, कातडी पांढरी पडून सुरकुतते आणि मग सोलते. नखं कापा, निघताना पायाला आणि मांड्यांना व्हॅसलीन चोपडा, आत घट्ट सायकलिंग शॉर्ट घाला. जीन्स नको, नको, नको. रात्रीसाठी एक मोज्यांचा जोड असा ठेवा की जीव गेला तरी दिवसा घालायचा नाही. मुक्कामाला पोचलं की पाय धुवून पुसून तो जोड, सकाळी परत ओले मोजे घालायचे, रडत का होईना.

सॅकमध्ये काय काय?

पाच-सहा किलोच्या वर नको. आतनं एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी लावा आणि सगळं त्यात भरा, वरच्या रेनकव्हरवर भरवसा नको. रात्रीचे कोरडे कपडे, पातळ चादर, डोक्याला लावायची बॅटरी, औषधं, कागदी टेप, ओआरएस, मीठ, काठी, रोख पैसे आणि सुट्टे. रेंज नाही तिथं फोनवरनं पैसे जात नाहीत आणि चहावाल्या मावशीला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. खायला भडंग, गूळ-शेंगदाणे, धपाटे. छत्री पठारावर उलटी होते. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा.

ओढ्याला पाणी असलं तर?

गुडघ्याच्या वर आणि गढूळ वाहतं असलं तर उतरायचं नाही, थांबायचं. वर ढगफुटीसारखा पाऊस थांबला की छोटे ओढे तास-दोन तासांत उतरतात. गावातल्या माणसाला विचारा, वरच्या अंगाला कुठंतरी साकव म्हणजे छोटा पूल असतो. ओलांडायचाच झाला तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून, काठी टेकत, तोंड प्रवाहाकडं करून. रेड अलर्ट असला तर ट्रिप पुढं ढकला, प्रशासन बऱ्याचदा बंदी घालतंच. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ताच खचला होता आणि शिरोलीला हायवेवर पाणी आलं होतं, तेव्हा घरातनं निघायच्या आधी जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ ला फोन लावून विचारायला कमीपणा नाही.

जळवा, साप, गवे?

जळवा दुसऱ्या दिवशी जंगलात भेटणारच. ओढून काढू नका, नखानं बाजूनं सरकवा नाहीतर मिठाची पुरचुंडी लावा, रक्त थोडा वेळ येत राहतं, घाबरायचं काम नाही. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही, हातपाय हलू न देता लवकरात लवकर दवाखाना, मलकापूरला ग्रामीण रुग्णालय आहे आणि मोठं म्हणजे कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. १०८ लावा. गवा दिसला तर फोटोसाठी जवळ जायचं नाही, वाट त्याची आहे, थांबा, जाऊ द्या.

मुक्काम आणि जेवण कुठं?

शाळा, देऊळ, नाहीतर कुणाचं घर. मोठा ग्रुप असला तर आठवडाभर आधी बोलून ठेवा, ऐन पावसात पंचवीस लोकांनी अचानक दारात उभं राहणं हा काही पाहुणचाराचा हक्क नाही. भाकरी, आमटी, भात, ठेचा मिळतो आणि त्या भाकरीला तोड नाही. पैसे आधी ठरवा किंवा न मागता नीट द्या. शाळेत राहिलात तर सकाळी झाडून निघा, पोरं दहाला तिथंच बसणार असतात.

वाटेत पाणी प्यायला मिळतं का?

पाणी सगळीकडं आहे पण शेताखालच्या ओढ्याचं पिऊ नका, भाताला युरिया टाकलेला असतो. वाडीतल्या नळाचं भरा, क्लोरीनची गोळी टाका.

मुलींचा ग्रुप आहे, काही अडचण?

वाटेवर लोक चांगले आहेत. अडचण आहे ती संडास-बाथरूमची, आणि मोसमातल्या गर्दीत आडोसा पण मिळत नाही. वाडीत एखाद्या घरी वहिनींना विचारलं तर नाही म्हणत नाहीत. पाळीची तारीख आसपास असली तर सामान कोरडं राहील असं वेगळं बांधा आणि वापरलेलं परत घेऊन या.

पोरांना आणू का?

बारा-तेरा वर्षांचं आणि चालायची सवय असलेलं असलं तर आणा. लहान असलं तर पन्हाळा ते मसाई एवढंच करा आणि परत फिरा, पोरगं खूश, तुम्ही खूश.

मुंबईहून येणार, कसं यायचं?

महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी कोल्हापूरच्या शाहू महाराज टर्मिनसला सोडते, तिथनं स्टँड चालत जाण्यासारखा, पन्हाळ्याची एसटी धरा, वीसेक किलोमीटर. पण रात्रभर ट्रेनमध्ये बसून आल्या आल्या पंचवीस किलोमीटर चालू नका, आदल्या दिवशी या आणि पन्हाळ्यावर झोपा. पन्हाळा २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तेव्हापासून सुट्टीला गर्दी वाढलीय, खोली आधी बघा.

खिंडीत खाली उतरता येतं का?

पायऱ्या आणि रेलिंग आहे. पाऊस जोरात असला तर खालनं पाणी उड्या मारत असतं, तेव्हा वरनंच नमस्कार करा. शेवाळलेल्या कातळावर सेल्फी काढायला जाऊ नका.

पुढं विशाळगड पण करायचाय.

खिंडीपासनं अजून दोन-तीन तास धरा. बाजीप्रभू आणि फुलाजीप्रभूंच्या समाध्या तिथं आहेत, त्यामुळं जावंसं वाटतंच. पण गडावर प्रशासन वेळोवेळी प्रवेशाला बंदी घालतं, निघायच्या आधी शाहूवाडी पोलिसांकडं चौकशी करा आणि बंदी असली तर वाद घालत बसू नका.

परत यायला गाडी मिळते का?

पांढरेपाणी विशाळगड-मलकापूर रस्त्यावरच आहे. एसटी आहे पण मोजकी, आणि पावसात वेळ हलते, त्यामुळं दुपारी चारच्या आत तिथं पोचायचं बघा. नाहीतर आधीच मलकापूरची वडाप म्हणजे खाजगी जीप ठरवून ठेवा. मलकापूरला आलात की सुटलात, तिथनं कोल्हापूरला रात्रीपर्यंत काही ना काही मिळतं. गाडीत बसायच्या आधी कपडे बदला आणि बूट पिशवीत घाला, सीटवर चिखल बघून कंडक्टर जे बोलतो ते इथं लिहिता येत नाही.